बत्ता एक, वास लसणाचा

त्यांनी मला उद्देशून काढलेले पहिले शब्द होते, "नंबर बोल."

मी पोलीस ठाण्याच्या शस्त्रागाराच्या दारात उभा होतो. खांद्यावर वायरचं बंडल, एका हातात शिडी, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर. आत इन्व्हर्टरची वायर ओढायची होती, दहा मिनिटांचं काम.

"कसला नंबर, जमादार?"

"हातात जे हाय त्याचा."

"हा स्क्रू ड्रायव्हर आहे. स्क्रू ड्रायव्हरला नंबर नसतो."

"मंग त्यो आत जानार न्हाई."

आणि तो खरोखरच आत गेला नाही. जमादारांनी आधी एक कागदाचा चिटोरा फाडला, त्यावर १ लिहिलं, डिंकानं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीला चिकटवलं, मग तो तळहातावर घेऊन डोळे मिटले. जत्रेतला भविष्यवाला मिटतो तसे. "एकशे चाळीस ग्रॅम," म्हणाले, आणि रजिस्टरात लिहिलं. जाताना पुन्हा तळहात, पुन्हा डोळे बंद, पुन्हा "नंबर बोल." मी "एक" म्हणालो तेव्हा कुठे "दिला" म्हणून तो माझ्या हातात आला.

मी हसत घरी गेलो. पण माणूस डोक्यातून जाईना. संध्याकाळी किराणा दुकानात जाऊन स्क्रू ड्रायव्हर काट्यावर ठेवला. एकशे अडतीस! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून ठाण्यात गेलो आणि विजयी मुद्रेनं त्यांना सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"कागद निघून पडला का?"

पडला होता. डिंकासकट. मी निमूट नवा चिकटवून घेतला.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात निम्म्या लोकांना ते माहीतही नव्हतं, सगळे नुसतं जमादार म्हणत. काटकुळा माणूस, मिशी पांढरी, बोटांना कायम बंदुकीच्या तेलाचा वास. मला ते शेवटपर्यंत "मेकॅनिक" म्हणाले. माझ्या दुकानाच्या पाटीवर चार रंगांत "इंजिनिअर" लिहिलेलं आहे. अब्बांच्या वेळी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे, माझ्या वेळी कॅमेरे, इन्व्हर्टर आणि संगणक आले. मी पाटीकडे बोट दाखवलं की जमादार म्हणायचे, "वायर जोडतो त्यो मेकॅनिक. रंग कुनी का लावंना."

आठवडी बाजारात त्यांची दहशत होती. माजलगावच्या बाजूनं येणारे भाजीवाले त्यांना लांबून बघूनच तराजूत एक वांगं जास्तीचं टाकत. गॅसची गाडी त्यांच्या गल्लीत आली की पोरगा टाकी उतरवायच्या आधी विचारायचा, "जमादार घरात हायत का ड्युटीवर?" ते टाकी नुसती बोटानं उचलून बघत आणि म्हणत, "ही माघारी ने. हिच्यात किलोभर हवा हाय."

पण वजन हा त्यांच्या वेडाचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा म्हणजे ते वाक्य, जे त्यांनी मी मोजल्या नाहीत इतक्या वेळा उच्चारलं: "बंद डब्यावर मी सही करत न्हाई."

लग्नात म्हणे अंतरपाट धरलेला असताना त्यांनी कडेनं कापड सरकवून नवरी बघून घेतली होती. ही हकिकत मला त्यांच्या बायकोनंच सांगितली. काकू सांगत होत्या आणि जमादार बाजूला बसून मान डोलावत होते, जणू काही कुणी त्यांच्या सेवेची तारीफ करतंय. रोज सकाळी काकू जेवणाचा डबा बांधून देत आणि रोज सकाळी जमादार तो उंबऱ्यावर उघडून भाकरी, भाजी, कांदा मोजत.

"पस्तीस वर्षं झाली," काकू मला म्हणाल्या, "एकदा तरी मी डब्यात दगुड घातला का, विचारा की ह्यांना!"

"न्हाई घातला," जमादार शांतपणे म्हणाले. "कावून न्हाई घातला? मी रोज उगडून बगतो म्हनून."

या माणसाच्या हाती ठाण्याचं शस्त्रागार होतं. पिस्तुलं, रायफली, काडतुसं. प्रत्येक हत्याराच्या मुठीवर किंवा दस्त्यावर रंगवलेला एक आकडा, तो त्याचा बट नंबर. हत्यार जमा करायला आलेल्या शिपायानं ते उघडं, जमादारांच्या तळहातावर ठेवायचं आणि नंबर मोठ्यानं बोलायचा. जमादार डोळे मिटून म्हणणार, "घेतलं." साहेबांनाही हाच नियम. दसऱ्याला शस्त्रपूजन व्हायचं, घोंगडीवर सगळी हत्यारं मांडून हळदकुंकू आणि झेंडू वाहिला जायचा. त्या दिवशी तर जमादार एकेक नंबर पुकारत आणि अख्ख्या ठाण्यानं तो मागून म्हणायचा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं शाळेत पाढे चाललेत. पोरं हसायची. मीही हसलो आहे. आता या हसण्याचं काय झालं ते सांगतो, आणि सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. तो चढण्यासारखाच मामला आहे.

पोलिसांची हत्यारं हरवतात, चोरीला जातात, आणि मग कुठल्या हातात जातात याचा पत्ता लागत नाही. म्हणून वरून एक योजना आली. प्रत्येक पिस्तुलाला ट्रॅकर बसवायचा. काडेपेटीपेक्षा लहान, चपटी वस्तू. पिस्तूल कुठे आहे ते पडद्यावर हिरव्या टिपक्यानं दिसणार. गेलं तर शोधता येणार. कल्पना चांगली होती, मी आजही म्हणतो. कंत्राट पुण्याच्या एका कंपनीला मिळालं आणि आमच्या तालुक्यातलं काम त्या कंपनीनं मला दिलं. मी हवेत होतो. पाटीवर पाचवा रंग चढवायचा विचार होता.

मग दोन पत्रं आली. एका पत्रात म्हटलं होतं, शस्त्रास ट्रॅकर बसवून आठ दिवसांत अहवाल सादर करावा. दुसऱ्यात म्हटलं होतं, शस्त्राच्या मूळ रचनेत फेरफार करू नये, छिद्र पाडू नये, मूठ उघडू नये. दोन्ही पत्रांवर वरच्याच सह्या. पिस्तुलाला ट्रॅकर बसवायचा, पण पिस्तुलाला हात लावायचा नाही!

ठाण्याचे साहेब डोकं धरून बसले. आणि त्या क्षणी, मायबाप, एका थोर माणसाला एक थोर कल्पना सुचली. तो थोर माणूस म्हणजे मी. मी म्हणालो, "साहेब, होल्स्टरमध्ये बसवू. चामड्याला टाका मारला तर कुणाचं पत्र आड येणार नाही. पिस्तूल शेवटी होल्स्टरमध्येच असतं."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. कोपऱ्यात जमादार उभे होते. ते म्हणाले, "मंग हरवलेलं होल्स्टर सापडंल, साहेब."

"जमादार, तुम्हाला नवीन काही सोसतच नाही."

"नवीन सोसतंय. पन ते कातड्याला लावलंय आन नाव पिस्तुलाचं सांगताय, ते न्हाई सोसत."

काम पूर्ण झाल्याचा छापील कागद होता: "शस्त्रास ट्रॅकर बसविले." होल्स्टर असा शब्दच त्या कागदावर नव्हता. मी सही केली. शिक्काही मारला, माझा, चार रंगांच्या पाटीवाला. जमादारांपुढे साक्षीसाठी कागद गेला तेव्हा त्यांनी तो वाचला आणि परत सरकवला. "हे खोटं हाय," एवढंच म्हणाले. साहेबांनी दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली आणि जमादारांच्या नावापुढे "नव्या प्रणालीस असहकार" असा शेरा मारून ठेवला.

मग साहेबांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्यावर तालुक्याचा नकाशा, नकाशावर हिरवे टिपके. शस्त्रागाराच्या दाराशी मी एक पेटी बसवली होती. ट्रॅकर तिच्याजवळ आला की टिंग वाजायचं आणि पडद्यावर यायचं, "शस्त्र जमा". पाहुणा आला की साहेब चहा मागवत आणि पडदा दाखवत. "बघा, हा तेलगावच्या रस्त्याला निघाला. बघा, हा वळला." पाहुणे बशीत चहा ओतायचं विसरत.

जमादार मात्र रोज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी तळहातावर घेऊन मोजतच राहिले. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "अहो, सगळं हिरवं दिसतंय ना पडद्यावर?"

"ते हिरवं कातडं हाय साहेब," जमादार म्हणाले. "पिस्तूल काळं आसतंय."

आता बट नंबर एकोणीस. हे पिस्तूल आमच्याकडच्या एका नेत्याच्या अंगरक्षकाकडे होतं. अंगरक्षक म्हणजे ठाण्यातलाच शिपाई, बंगल्यावर नेमलेला. नेत्याला एक पुतण्या होता. पुतण्याला वरातीत पिस्तूल कमरेला लावून नाचायची हौस. अंगरक्षकानं हौस पुरवली, पिस्तूल काढून दिलं, होल्स्टर स्वतःच्या कमरेला ठेवलं. वरातीतलं ते नाचणं निम्म्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरत होतं, हे मी बघून सांगतोय. वरात झाली, पुतण्या झोपला, उठला, आणि पिस्तूल कुठे पडलं हे त्याला सांगता येईना.

दोन दिवसांनी अंगरक्षकाची रजा सुरू होणार होती. रजेवर जाताना हत्यार जमा करावंच लागतं. त्यानं काय करावं? जमादार वर्षाच्या गोळीबार सरावासाठी काडतुसं आणायला बीडला गेलेत हे बघून तो सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात आला. शस्त्रागाराची दुसरी किल्ली ठाणे अंमलदाराकडे असे. अंगरक्षकानं बटण लावलेलं होल्स्टर त्याच्या हातात दिलं. जड होतं. दाराशी टिंग वाजलं. पडद्यावर आलं, "बट नंबर एकोणीस, शस्त्र जमा". ठाणे अंमलदारानं ते एकोणीसच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं. रजिस्टरात लिहिलं नाही. जमादार आल्यावर लिहितील. टिंग तर वाजलंच होतं!

जमादार चारला आले. काडतुसं मोजून ठेवली. मग खणांवरून हात फिरवत निघाले. एकोणीसशी थांबले. होल्स्टर तळहातावर घेतलं, डोळे मिटले.

"शंभर ग्रॅम जास्ती हाय," ते म्हणाले. आणि बटण उघडलं.

आत रुमालात गुंडाळलेला एक लोखंडी बत्ता होता. खलबत्त्यातला. ज्यानं बायका आलं-लसूण कुटतात तो.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता, धावत साहेबांकडे गेला असता. जमादारांनी बत्ता नाकाशी नेला, खाली-वर फिरवून बघितला, आणि खुर्चीत बसून रजिस्टर उघडलं. ती नोंद मी पुढे माझ्या डोळ्यांनी वाचली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "बट नंबर एकोणीस पिस्तूल प्राप्त नाही. प्राप्त झाले ते पुढीलप्रमाणे. होल्स्टर एक. रुमाल एक. लोखंडी बत्ता एक, बुडाला टवका उडालेला, वास लसणाचा."

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा झाला.

"हे काय लिहिलंय? हे पान फाडा."

"पानाला नंबर हाय साहेब. फाटत न्हाई."

साहेबांना कळलं नव्हतं असं समजू नका. वरातीतलं नाचणं त्यांच्याही मोबाइलवर आलं होतं. पण अंगरक्षकाला विचारायचं म्हणजे पुतण्याला विचारायचं, आणि पुतण्याला विचारायचं म्हणजे काकांना विचारायचं. त्यापेक्षा खुर्चीत बसलेला काटकुळा म्हातारा सोपा. अंगरक्षक म्हणाला, "मी पिस्तूलच जमा केलं, पडदा बघा." पडदा म्हणत होता, अकरा वीसला शस्त्र जमा. होल्स्टर उघडलं जमादारांनी, एकट्यानं. उघडताना शेजारी कोण होतं? कुणी नाही. म्हणजे पिस्तूल काढून बत्ता ठेवणारा कोण?

जमादार निलंबित झाले. निवृत्तीला दीड महिना राहिला होता.

उभ्या जन्मात ज्यानं बायकोच्या हातच्या डब्यावरसुद्धा विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर पिस्तूलचोरीचा आळ! आणि पुरावा कुठला? एक छापील कागद. "११.२०, बट नंबर १९, शस्त्र जमा." तो कागद छापायला साहेबांनी कुणाला बोलावलं? मला. खाली शिक्का कुणाचा? माझा. मी तो मारला. स्पष्ट उठला.

त्याच वेळी मी ठाण्यात प्रिंटरपाशी बसलेलो असताना एक बाई आली. पन्नाशीपुढची, डोक्यावर पदर, पायांत धूळ. ठाणे अंमलदारापुढे उभी राहून म्हणाली, "दादा, आमचा बत्ता तुमच्याकडं आलाय म्हनं. कवा देताव?"

अंमलदार म्हणाला, "कोण तुमी?"

"बंगल्यावर सैपाकाला हाय मी. तुमचा त्यो शिपाई एका दिसापुरता द्या म्हनला. आठ दिस झाले. आता मी लसून काय डोक्यानं कुटू?"

अंमलदार खुर्चीतून उडाला. "ओ मावशी, जावा तुमी! इथं बत्ता-बित्ता काय न्हाई! चला!" आणि त्यानं तिला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. मावशी फाटकापर्यंत बडबडत गेली. मी प्रिंटरमागे बसून सगळं ऐकलं.

त्या दुपारी मी जमादारांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून मीठ मोजत होते. म्हणजे काकूंनी आणलेली पुडी हातात तोलत होते. मी मावशीचं सांगितलं. ते पहिल्यांदा हसले.

"मालक आला म्हन की."

"जमादार, चौकशीत सांगा हे."

"सांगतो. पन मेकॅनिक, तू काय सांगनार हायस?"

मी काकूंकडे चहा मागितला. पुण्याहून कंपनीच्या साहेबाचा फोन येऊन गेला होता. शस्त्रास ट्रॅकर बसविले या कागदावर सही माझी होती. होल्स्टर म्हणालो तर खोटा दाखला दिला म्हणून मी अडकणार, आणि काम जाणार ते वेगळंच. जमादारांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. काकूंनी चहा दिला. तो मी भाजलेल्या जिभेनं संपवला.

चौकशीला बाहेरच्या जिल्ह्यातून एक मॅडम आल्या. मोठं टेबल, एका बाजूला आमचे साहेब, अंगरक्षक, ठाणे अंमलदार. दुसऱ्या बाजूला जमादार, साध्या सदऱ्यात. वर्दीशिवाय ते अर्धे दिसत होते. मध्ये मी, लॅपटॉप उघडून. टेबलावर पुराव्याच्या दोन वस्तू, सीलबंद: होल्स्टर आणि बत्ता.

साहेबांनी सगळं सांगितलं. यंत्र खोटं बोलत नाही, असंही म्हणाले. मॅडमनी विचारलं, "जमादार, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"एक इचारायचंय, मॅडम. पिस्तूल हरवलंय का?"

"हरवलंय म्हणून तर आपण बसलोय."

"मंग मेकॅनिकला म्हनावं, पडद्यावर एकोनीस नंबर कुठं हाय ते वाच."

मी लॅपटॉप बघितला. इतके दिवस एकोणीसचा टिपका मी एकदाही बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता! पडद्यावर हिरवा टिपका ठणठणीत चमकत होता. मी घसा खाकरून वाचलं, "बट नंबर एकोणीस. याच इमारतीत. शस्त्र सुरक्षित."

मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

"हरवलेलं पिस्तूल सुरक्षित हाय," जमादार म्हणाले, "आन ह्याच टेबलावर हाय. कुनाला दिसतंय का बगा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ट्रॅकर कशाला बसवलाय?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मला कंपनी आठवली, पाटी आठवली, अब्बा आठवले. आणि का कोण जाणे, स्क्रू ड्रायव्हरला चिकटवलेला तो १ आठवला.

"होल्स्टरला," मी म्हणालो. "पिस्तुलाला काहीच लावलेलं नाही. दाखल्यावर सही माझी आहे, आणि दाखला खोटा आहे."

मला वाटलं होतं जमादार माझ्याकडे मायेनं बघतील. ते मॅडमना म्हणाले, "लिवून घ्या." आणि मग माझ्याकडे न बघता हळूच, "सही करायच्या आदी बोलला आसतास तर?"

मी लॅपटॉप मिटला.

मग जमादारांनी मावशींना बोलवायची विनंती केली. मी त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलंच होतं, एवढं तरी काम केलं होतं. मावशी आत आल्या, वर्दीवाल्यांना बघून पदर पुढे ओढला. जमादार उठून उभे राहिले.

"मावशी, तुमचा बत्ता इथं बांधून ठिवलाय. नंबर बोला."

"बत्त्याला कसला रं नंबर, बाबा? बुडाला टवका उडालाय त्याच्या. माज्या सुनंनं फरशीवर पाडलाता."

मॅडमनी रजिस्टर उघडलं, ती ओळ वाचली, बत्त्याचं सील तोडलं, उलटा केला. टवका होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी तो नाकाशी नेला. आणि एक मोठी अधिकारी बाई, भर चौकशीत, खुदकन हसली. अंगरक्षक तिथंच रडायला लागला आणि त्यानं वरातीपासून सगळं सांगून टाकलं.

इथं गोष्ट संपायला हवी ना? मलाही तसंच वाटलं होतं. मी दोन पेढे खाऊन घरी गेलो.

चार दिवसांनी पिस्तूल कालव्याच्या कडेला "बेवारस" सापडलं. पुतण्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. अंगरक्षकाची बदली झाली, बंगल्यावर दुसरा गेला. आणि वर्तमानपत्रात बातमी आली. मी ती चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या वाचली आणि कप खाली ठेवला. बातमीत म्हटलं होतं की अत्याधुनिक ट्रॅकिंग प्रणालीच्या साहाय्यानं हरवलेलं शस्त्र हस्तगत करण्यात आलं. प्रणालीच्या साहाय्यानं! जी प्रणाली पिस्तूल टेबलावर असल्याचं शपथेवर सांगत होती तिच्या साहाय्यानं! साहेबांचा फोटो, मागे पडदा, पडद्यावर हिरवे टिपके.

साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. जमादारांचं निलंबन मागे घेतलं, पण त्यांच्या सेवापुस्तकात एक ताकीद लिहिली गेली. कशाबद्दल? ऐका, आणि बसून ऐका. "शासकीय शस्त्र नोंदवहीत स्वयंपाकघरातील वस्तूची असंबद्ध नोंद घेतल्याबद्दल." त्या एका ओळीनं माणूस वाचला होता, पिस्तूल मिळालं होतं, आणि त्याच ओळीबद्दल त्याला ताकीद!

आणि प्रशस्तिपत्र अजून एकाला मिळालं. "हरवलेले शस्त्र शोधण्यात मोलाचे तांत्रिक सहकार्य केल्याबद्दल." चौकटीत, काचेसकट. माझ्या नावाचं. खोटा दाखला दिल्याचं मी भर चौकशीत कबूल केलं होतं, त्याचं पुढे कुणी नावही काढलं नाही. खोटा दाखला रद्द करायचा म्हणजे प्रणालीच रद्द करायची, आणि प्रणालीचा तर सत्कार चालला होता.

जमादार निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडे गेलो. दुकानात लावायला हात होत नव्हता, फेकायलाही होत नव्हता. "हे तुमचं आहे, जमादार," मी म्हणालो. "ठेवून घ्या."

त्यांनी कागद न सोडता ते तळहातावर घेतलं. डोळे मिटले. "साडेसातशे. समदी काच हाय." मग आतून एक वही आणली. घरातल्या वस्तूंची वही होती ती. शस्त्रागार सुटलं तरी रजिस्टर सुटलं नव्हतं. "तुजा एक नंबर आनलाय का?"

स्क्रू ड्रायव्हर खिशातच असतो माझ्या. मी दिला. त्यांनी चौकटीच्या मागचे चारही स्क्रू काढले. पाठीचा पुठ्ठा निघाला. साबणाच्या खोक्याचा होता तो, आतून छाप दिसत होता. काच निघाली. प्रशस्तिपत्र निघालं, सोनेरी किनारीचं. त्यांनी ते सावकाश वाचलं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. मग वही उघडून लिहायला घेतलं. मी वाकून वाचत होतो.

"चौकट एक. काच एक. पुठ्ठा एक. स्क्रू चार."

पेनाचं टोपण लावलं.

"कागद राहिला, जमादार," मी म्हणालो.

त्यांनी प्रशस्तिपत्राची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"त्याच्यात जे लिवलंय ते घडलं न्हाई," ते म्हणाले. "घडलं न्हाई ते मी वहीत घेत न्हाई. तुजं तू संबाळ, मेकॅनिक."